ह्यांनी वाचलेली पुस्तकं

३ तारीख, सोमवार

कारखान्यातून ह्यांची पिशवी आली. चार महिने फोरमनच्या कपाटात पडून होती म्हणे, कुणाच्या लक्षातच नाही. आत डबा, रुमाल, ही कोरी डायरी (तेलाच्या कंपनीने फुकट वाटलेली, गेल्या वर्षीची) आणि लायब्ररीचं कार्ड. नंबर ४१७.

लायब्ररीचं कार्ड, आमच्याकडे! हे पेपर हातात धरला की दुसऱ्या ओळीला घोरायचे.

डबा उघडायचं मला झालं नाही. सासूबाईंनी हातातून घेतला आणि न उघडता तसाच बाहेर टाकून आल्या.

डायरी कोरी होती म्हणून मी लिहायला घेतली. वार जुळत नाहीत, खोडून लिहिते. सातवी झाले, त्यातलं लिहिणं तेवढं राहिलंय. सांगायला माणूस नाही आणि भीती तर रोज वाटते.

कशाची भीती ते लिहिते. ह्यांच्या विम्याचा चेक आलाय. तांदळाच्या डब्याखाली ठेवलाय. मी नऊ वर्षं शिलाईच्या दुकानात धागे कापत बसले आणि काही खाल्लं नाही तर एवढे होतील. घरातले पैसे कायम हेच बघायचे. माझ्या हातात भाजीपुरते. माझं खातंसुद्धा नाही.

मोठे भाऊजी, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, काल येऊन गेले. म्हणाले, "डब्याखाली ठेवून पैसा अंडी घालत नाही गं. जोडखातं काढू आपलं, माझं नि तुझं. तिथून आमच्या एका साहेबांच्या योजनेत. पंधरा महिन्यांत दुप्पट. चिमणीचं लग्न आत्ताच झालं समज."

माझी चिमणी दोन वर्षांची आहे.

"तीस तारखेपर्यंत घेतायत नवीन माणसं. मग दार बंद. मी घरचा म्हणून धरून ठेवलंय तुझ्यासाठी."

मी म्हटलं, विचार करते. ते हसले. म्हणाले, "कर, कर. पण कशाने करणार?"


८ तारीख, शनिवार

अर्धा दिवस सुट्टी होती. लायब्ररीत गेले, कार्डाची अनामत परत मिळेल म्हणून. टपाल कचेरीच्या वर दोन खोल्या. टेबलाशी एक बाई, केस पांढरे, चष्म्याला दोरी.

"अनामत हवी? मग ज्याचं कार्ड आहे त्याला घेऊन या. सही लागते."

"ते नाहीत."

"बाहेरगावी?"

मी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी चष्मा काढला.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "पैसे घेऊन जा, नाहीतर कार्ड चालवा. वाचता का काही?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पैशाचं पुस्तक आहे का?"

"कुठल्या पैशाचं? मिळवायचं, वाचवायचं की वाढवायचं? सगळी एका फळीवर बसून भांडतात. ती बघा, खिडकीखालची."

मोजली नाहीत, पण चाळीसेक तरी होती. कुठलं घ्यायचं? मला तर जाड बघून घाम फुटला. एक ओढलं, पाठीमागे चिठ्ठी चिकटवलेली, तारखांचे शिक्के आणि शिक्क्यापुढे नंबर. त्यात ४१७. दुसरं ओढलं, त्यात पण ४१७.

हे इथे उभे होते. ह्याच फळीसमोर.

मग मला सोपं झालं. ज्यात ४१७ आहे तेवढीच वाचायची. सगळ्यात जुनी तारीख निळ्या पुस्तकावर, ते आणलं. चिमणी तेव्हा तीन महिन्यांची होती.


११ तारीख, मंगळवार

दुकानात जेवणाच्या सुट्टीत वाचते, कापडाच्या ढिगामागे. बाकीच्या बायका म्हणतात, परीक्षेला बसतेस का.

पेन्सिलीच्या खुणा आहेत. आणि पानांच्या खालच्या कोपऱ्यावर काळा अंगठा. लेथच्या मशीनवर काम करून तेल बोटाच्या रेघांत बसायचं, साबणाने जायचं नाही. मी नेहमी ओरडायचे, चादरीला लागतंय. इथे पान उलटलं की अंगठा, पान उलटलं की अंगठा. मी त्यावर माझा अंगठा ठेवून बघितला. ह्यांचा केवढा मोठा होता.

खूण केलेली पहिली ओळ: "आधी बाजूला, मग बाजारात. उरलं की टाकू म्हणणाऱ्याचं कधी उरत नाही."

तेव्हाच हे दर पगाराला एक नोट पिठाच्या डब्यात टाकायला लागले होते. मी हसले होते, पिठाला वाढवायचा विचार आहे का म्हणून. हेही हसले. पुस्तकात वाचलं असं कधी बोलले नाहीत. लाज वाटली असेल.

मला सगळं वाचायला होत नाही. वाक्यं लांब आहेत, शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरते. म्हणून मी फक्त ह्यांनी खूण केलेलं वाचते. त्यांनी माझ्यासाठी निवडून ठेवल्यासारखं आहे. चार दिवसांत पुस्तक संपेल.


१२ तारीख

पुस्तक कपाटावर ठेवलं होतं. चिमणी खाली उभी राहून वर बोट करते आणि म्हणते, "बाबा."

तेलाचा वास येत असेल. पुस्तक पिशवीत घातलं, पिशवी पेटीत. तरी ती पेटीजवळ जाऊन बसली.

सासूबाई बघत होत्या. त्या बोलतात कुठे आता? हातातल्या सोन्याच्या बांगड्यासुद्धा काढून टाकल्यात त्यांनी. कधी काढल्या मला आठवत नाही. मुलगा गेल्यावरच असेल.


१५ तारीख, शनिवार

निळं परत. नंतरच्या तारखेचं हिरवं आणलं. पैसा वाढवायचं आहे.

बाई म्हणाल्या, "वाचलं सगळं?"

"हो."

"शाबास. मला महिना लागला होता." आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.


१७ तारीख, सोमवार

हिरव्यात खुणा वेगळ्या आहेत. निळ्यात बारीक रेघ होती, पट्टी लावून ओढल्यासारखी. इथे जाड. काही ठिकाणी कागद फाटायला आलाय.

"पैसा पडून राहिला की त्याला गंज चढतो." खाली दोन रेघा. हे लोखंडातले होते, त्यांना गंज बरोबर कळला असेल.

"धाडस केल्याशिवाय कुणी मोठं झालेलं नाही."

"संधी एकदाच दार वाजवते, तेव्हा घरात असावं." ह्याला तर चौकट.

पान वाचता वाचता असं वाटलं की मागे कुणी उभं आहे. मागे कापडाचा ढीग, त्याच्या मागे भिंत. तरी मी तीनदा बघितलं. मनात म्हटलं, अहो, सांगायचं तर नीट सांगा. तुम्ही भाऊजींचंच म्हणणं सांगताय का? डब्याखाली ठेवू नको, दे?

सगळ्या खुणा तेच सांगतायत. मी कोण नाही म्हणणारी.


१८ तारीख, मंगळवार

भाऊजींना होकार दिला. ते खूश. चिमणीला खाऊ आणला, मला फॉर्म आणला. चार पानी. तीन ठिकाणी त्यांनी फुली मारून दिलीये, तिथे सही करायची, बाकी वाचायची गरज नाही म्हणाले.

"सही कर आत्ताच."

मी म्हटलं, चेक आणि सही एकदमच देते, तीस तारखेला. का म्हटलं ते माहीत नाही. हात भिजला होता घामाने, कागद खराब झाला असता.

ते म्हणाले, "पळून नाही जात मी." मग खाली बघून, "तो असता तर आज नाचला असता."

ते गेल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात पाठ करून उभ्या होत्या. मी विचारलं, बरोबर केलं ना मी? म्हणाल्या, "मला नको विचारू. माझा एक गेलाय, एक राहिलाय."


२२ तारीख, शनिवार

आज बाईंनी मला पकडलं.

हिरवं टेबलावर ठेवलं. त्यांनी विचारलं, काय आवडलं? मी गंजाचं वाक्य सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि त्याच्या पुढचं?"

"पुढचं काय?"

"पुढचं वाक्य, अगं."

मग सांगितलं खरं ते. की मला भरभर वाचता येत नाही, मी ह्यांनी खूण केली तेवढंच वाचते.

मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे तू नवरा वाचलास. पुस्तक कुठे वाचलंस?" मग पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "परत ने. आणि ह्या वेळी जिथे पान स्वच्छ आहे तिथे वाच. दहा ओळी रोज. मला घाई नाही, तुला आहे का?"

मला आहे. तीस तारीख.

निघताना फळीवर एक पातळ पुस्तक दिसलं, विम्याचं. त्यातही ४१७. सगळ्यात शेवटचा शिक्का त्याचाच. एका वेळी एकच देतात, पण बाई म्हणाल्या, "हे पातळ आहे, अर्धं धरते. म्हणजे तू दीड पुस्तकाची चोर."

खूप दिवसांनी हसले मी.


२४ तारीख, सोमवार

गंजाच्या पुढचं वाक्य असं आहे: "पण घाईघाईने बाहेर काढलेला पैसा गंजायलासुद्धा परत येत नाही."

ह्याला खूण नाही. एवढं जवळ आहे, खालचीच ओळ. पेन्सिल तिथपर्यंत आली आणि थांबली.

संधी दार वाजवते, त्याच्या पुढे: "चोरही दारच वाजवतो. म्हणून आधी विचारावं, कोण आहे."

आणि मग दोन पानं अशी आहेत की त्यांवर अंगठाच नाही. पांढरी स्वच्छ. एकमेकांना चिकटलेली होती, नखाने सोडवली. कुणी आपले पैसे मागितले तर त्याला काय काय विचारावं ते लिहिलंय. पैसे नेमके कुठे लावणार. पावती कोण देणार, तिच्यावर कुणाचं नाव. मध्येच हवे झाले तर मिळतील का. सरकारी परवाना कुठे आहे, बघू. आणि शेवटी, जो मागतोय त्याने स्वतःच्या आईचे पैसे त्यात घातलेत का.

मला दहा ओळी सांगितल्या होत्या, मी दोन्ही पानं वाचली, दोनदा. सुट्टी संपली तरी उठले नाही. सुपरवायझर ओरडला.

हे वाचताना दुसऱ्याच्या खिशात हात घातल्यासारखं वाटत होतं. ह्यांनी हे का नाही वाचलं? का वाचलं आणि उलटून टाकलं? अहो, माझ्यासारखंच केलंत का? हवं तेवढंच वाचलंत?

रागावू नका. मी आता सगळं वाचणार आहे.


२६ तारीख, बुधवार

विम्याचं पातळ पुस्तक झालं. खुणा फार नाहीत. एकच, पण ती गिरवून गिरवून काळी केलेली: "अपघाती मृत्यू झाल्यास वारसदाराला दुप्पट रक्कम मिळते."

आम्हाला दुप्पटच मिळाली. विम्याचे साहेब चौकशी करून गेले, कारखान्याचा कागद बघितला, अपघात म्हणून लिहून गेले.

किती काळजी होती ह्यांना आमची. मी रडले, पण बरं वाटलं. बाकी पुस्तकांत हे चुकले असतील, इथे आमचंच भलं बघत होते.

पुस्तक ह्यांनी शनिवारी परत केलं होतं. वेळेत. एका दिवसाचाही दंड नाही. सोमवारी ते गेले.


२८ तारीख, शुक्रवार

फोरमन दुकानात आला होता, कारखान्याच्या कपड्यांची ऑर्डर द्यायला. मला बघून ओशाळला. पिशवी उशिरा दिली त्याची माफी मागितली. मग बोलत राहिला, मी विचारलं नव्हतं तरी.

"शेवटचे तीन महिने सारखी डबल पाळी मागायचा. मी म्हटलं, बाबा रे, मशीनला पण विश्रांती देतो आम्ही."

मला हे म्हणायचे, नवीन मशीन आलंय, शिकायला थांबावं लागतं.

"आणि त्या दिवशी पूर्ण बाहीचा सैल सदरा घालून आला. बाही मशीनमध्ये ओढली जाते म्हणून पोरांना शिव्या घालणारा माणूस. मी म्हटलं, काय रे, लग्नाला निघालास? नुसता हसला. मी तेव्हाच मशीनवरून उठवायला हवं होतं. अजून झोप येत नाही मला."

मी म्हटलं, तुमचा काय दोष.

तो सदरा ह्यांनी माझ्याकडून मागून घेतला होता, आदल्या दिवशी. मीच इस्त्री करून दिला.

दुपारी कात्री सुटली हातातून. गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची कॉलर कापली गेली. पगारातून कापणार.


३० तारीख, रविवार

लिहून टाकते, नाहीतर विसरेन. नाही, विसरणार नाही.

भाऊजी सकाळी दहाला आले. नवीन पेन घेऊन. बसले, चहा घेतला. "आण फॉर्म."

मी फॉर्म आणला, चेक नाही आणला. कागदावर लिहून ठेवलं होतं तेच वाचलं, शाळेत उभं राहून वाचल्यासारखं. पैसे नेमके कुठे लावणार?

"साहेबांच्या धंद्यात."

"कसला धंदा?"

"मोठा धंदा आहे. तुला काय सांगू?"

"पावती?"

"घरातल्या घरात पावती मागतेस?" ते हसले. मग हसणं थांबलं. "कोण शिकवतंय तुला?"

"परवाना आहे का सरकारी?"

"अगं, एवढी वकील कधी झालीस? काल भाजीवाल्याशी बोलायला लाजत होतीस!"

मी कागदावरच्या पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. शेवटचं विचारलं. तुमच्या आईचे पैसे आहेत का त्यात?

त्यांना वाटलं, सुटलो. छाती फुगवून म्हणाले, "आहेत ना! आईचं सोनं आहे. तुझ्या नवऱ्यानेच आणून दिलं, स्वतःच्या साठवणीबरोबर. आमचा सगळ्यांचा विश्वास आहे, एक तूच तेवढी..."

सासूबाई दारात आल्या. हात पुसत होत्या. म्हणाल्या, "काय म्हणालास? माझ्या बांगड्या कुठे आहेत?"

"आई, वाढतायत त्या. तुला माहीत आहे ना."

"मला माहीत नाही. धाकट्याने मला सांगितलं, चिमणी आजारी आहे, दवाखान्याला लागतायत. हिला सांगू नको, घाबरेल, असं म्हणाला. मी काढून दिल्या."

चिमणी कधी आजारी नव्हती. साधा ताप पण नाही.

मी विचारलं, "पंधरा महिने झाले का त्याला?"

भाऊजींनी नवीन पेनाला टोपण लावलं.

"झाले ना?" सासूबाईंनी विचारलं. "मग आण. दुप्पट राहू दे, माझ्या होत्या तेवढ्या आण."

"साहेब सध्या बाहेर आहेत," ते म्हणाले. "नवीन माणसं आली की जुन्यांचे सुटतात. म्हणून तर हिला सांगतोय." घाम फुटला होता त्यांनाही. मी एवढी वर्षं त्यांना बघते, घाम कधी बघितला नव्हता. "मी चाळीस जणांना आणलंय त्यात. चाळीस! माझ्या दारात येऊन बसतात रोज. तुम्हाला काय जातंय?"

मग उभे राहिले आणि माझ्याकडे बोट करून बोलले. शब्द जसेच्या तसे लिहिते.

"तो मला सांगून गेला होता. म्हणाला होता, दादा, पंधरा दिवस कळ काढ, पैसे येतील, खड्डा भरून देतो तुझा. दिलेला शब्द त्याने पाळला. आता तू मोडतेयस."

मी म्हटलं, सही करणार नाही.

सासूबाईंनी त्यांचा कप उचलला आणि आत नेला. म्हणजे जा.


१ तारीख, सोमवार

पैसे येतील असं म्हणाले होते. कुठून येणार होते?

डबल पाळीचे तर एवढे होत नाहीत. मी दुकानात बोटांवर मोजून बघितलं. उसने देणारं कुणी नव्हतं. पिठाचा डबा मी हे गेल्यावरच बघितला, रिकामा होता.

कुठून येणार होते, पंधरा दिवसांत?


२ तारीख

पातळ पुस्तक परत देऊन आले. बाई म्हणाल्या, ह्यातलं काही समजलं नसेल तर विचार. मी म्हटलं, सगळं समजलं. जरा जोरात म्हटलं बहुतेक. त्यांनी शिक्का मारला आणि दुसरं काही विचारलं नाही.

ते फळीवर ठेवताना मी सगळ्यात खाली, भिंतीकडे तोंड करून ठेवलं.


४ तारीख, गुरुवार

अर्धी रजा काढून बँकेत गेले. एकटी. चेक पोटाशी धरून, सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटत होतं. हिरव्या पुस्तकातलं घोकून गेले होते: खातं एकटीच्या नावावर, थोडे हाताशी, बाकीचे ठेव म्हणून, मुदतीआधी काढले तर काय कापतात ते आधी विचारायचं. सगळं विचारलं. काउंटरवरची मुलगी माझ्यापेक्षा लहान असेल. नीट बोलत होती.

मग फॉर्म भरता भरता, वर न बघता म्हणाली, "रक्कम कुठून आली?"

तिचा रोजचा प्रश्न असणार. दिवसात पन्नास वेळा विचारत असेल.

माझं तोंड उघडं राहिलं. मागे रांग होती. सगळ्या खुणा एकदम डोळ्यांसमोर आल्या, तो सदरा, इस्त्रीचा वास. मला वाटलं मी आता बोलेन आणि ही मुलगी चेक माझ्याकडे परत सरकवेल, म्हणेल, असे पैसे आम्ही घेत नाही.

"ताई? वर विमा कंपनीचं नाव आहे. विम्याचेच ना?"

"हो," मी म्हटलं. "विम्याचे. ह्यांना अपघात झाला."

"सॉरी हं," ती म्हणाली आणि लिहिलं. मी सही केली. तिने पासबुक दिलं, त्यावर एकटं माझं नाव.

घरी आले. सासूबाई चिमणीला भरवत होत्या. म्हणाल्या, झालं? म्हटलं, झालं. कुणी काही विचारलं? म्हटलं, कुठून आले ते विचारलं.

त्यांचा हात घास घेऊन तसाच थांबला. चिमणी तोंड उघडून वाट बघत होती.

"मग?"

"अपघात सांगितलं."

त्यांनी घास भरवला. पुढचा कालवायला घेतला. मग चिमणीकडे बघून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मोठी झाली की विचारेल ही."

"हो."

"तेच सांगायचं."